मदत हवी आहे : वेगळ्या रेकॉर्डरवरील आवाज चित्राच्या हळूहळू मागे पडतो

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी पारायणात झालेल्या तासाभराच्या भजनाचे चित्रीकरण मी मोबाइलवर केले असून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आहे. सुरुवातीच्या टाळाच्या ठोक्यावर दोन्ही अचूक जुळतात. परंतु शेवटच्या अभंगापर्यंत आवाज सुमारे अर्धा सेकंद मागे पडतो, म्हणजे टाळ आधी वाजताना दिसतो आणि नंतर ऐकू येतो.

मोबाइलच्या चित्रीकरणातील बदलता फ्रेम रेट (दर सेकंदाच्या चित्रांची संख्या) हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचे सॉफ्टवेअर वापरून स्थिर ३० केला आहे, आणि मोबाइलचा स्वतःचा आवाज आता शेवटपर्यंत जुळतो. रेकॉर्डरची फाइल आणि संपादनाचा प्रोजेक्ट दोन्ही ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचे (दर सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आहेत, एकीकडे ४४.१ किलोहर्ट्झ असण्याचा घोळ असता तर फरक काही मिनिटांचा झाला असता. त्यामुळे दोन उपकरणांच्या अंतर्गत घड्याळांच्या गतीत फरक असावा, असे मला वाटते. प्रत्येक अभंगानंतर आवाज कापून सरकवून पाहिला, पण मधला गजर अखंड असल्याने तो जोड स्पष्ट ऐकू येतो.

मोबाइलचा आवाज वापरता येणार नाही, कारण त्यात पखवाजाचा आवाज फाटलेला आहे. लॅपटॉप जुना आहे व सॉफ्टवेअर मोफतच हवे; आवाज संपादनाचे ऑडॅसिटी माझ्याकडे आहे.

तर संपूर्ण आवाज सुमारे ०.०१४ टक्के आखूड करताना स्वर कायम ठेवणारा पर्याय निवडावा, की पखवाजाचे ठोके स्वच्छ राहण्यासाठी केवळ वेग बदलावा, आणि त्याने पेटीच्या स्वरात जाणवण्याइतका फरक पडेल का?