तळ्यात बदकं मान टाकून मरतायत, कोणी विष घातलंय की पाण्याचाच दोष?

पाणवठा_दौंड:
नमस्कार मंडळी. दौंड तालुक्यात आमच्या गावाला जुनं तळं आहे, मे महिन्यामुळे आटून मधे हिरवंगार डबकं उरलंय आणि गावातली सगळी गटारं त्यातच येतात. रविवारी सकाळी कडेला तीन हळदी-कुंकू बदकं आणि एक शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) मेलेला दिसला. चौथं बदक जिवंत होतं पण त्याला उडता येईना, पाय मागं पसरलेले, पंखांनी वल्हवल्यासारखं करत सरकत होतं आणि मान सारखी पाण्यात पडत होती, माझ्यासमोर चोच पाण्याखाली गेली आणि वर येईना तेव्हा राहवलं नाही, ओढणीत गुंडाळून बाहेर काढलं. अंगावर कुठं जखम नाही, डोळ्यावर पातळ पडदा अर्धा ओढलेला. आता खोक्यात ठेवलंय.

गावात कोण म्हणतं विष घातलं, कोण म्हणतं बर्ड फ्लू. मी गटाराचं नाव काढलं तर एकजण म्हणाले की पाणी खराब असतं तर भिगवणला एवढे फ्लेमिंगो आले असते का. मला उत्तर देता आलं नाही. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, आज अजून दोन मेलीत.

गुरांचा_डॉक्टर:
ताई, लांबून निदान करत नाही, पण मान टाकणं, पाय लुळे, डोळ्यावर पडदा आणि जखम नाही, हे ऐकून पहिला संशय बोट्युलिझमचा येतो, म्हणजे एका जिवाणूच्या विषानं होणारा लकवा. या जिवाणूचे बीजाणू गाळात वर्षानुवर्षं गप पडून असतात. गटाराच्या पाण्यानं शेवाळ माजतं, मग ते मरून कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, मासे-किडे मरतात आणि उन्हानं तापलेल्या त्या गाळात हा जिवाणू वाढून विष तयार करतो. विष नसांवर जातं, स्नायू ढिले पडतात. पुष्कळ पक्षी शेवटी मान वर धरता येत नाही म्हणून बुडून मरतात, तुमचं बदक त्याच वाटेवर होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात, अळ्यांना त्या विषानं काही होत नाही पण ते त्यांच्या अंगात साठतं, आणि धडधाकट बदक येऊन त्या अळ्या खातं की तेही गेलं, मग त्याच्यात पुन्हा अळ्या. म्हणून मेलेला पक्षी एक दिवससुद्धा तिथं राहू देऊ नका. पण आधी १९६२ या हेल्पलाइनला फोन करून पशुसंवर्धनवाल्यांना बोलवा, कारण बर्ड फ्लू नाही हे तपासल्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही. नमुने त्यांनाच घेऊ द्या. उघड्या हातानं काही उचलू नका, ग्लोव्ह्ज, मास्क, आणि घरी कोंबड्या असतील तर खोकं त्यांच्यापासून लांब ठेवा. बदकाला सावली आणि स्वच्छ पाणी, ड्रॉपरनं चोचीच्या कडेला थेंब थेंब. चपाती-बिपाती कोंबू नका, गिळता येत नसताना घास श्वासनळीत जातो.

थापट्या_प्रेमी:
डॉक्टरांशी सहमत. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानात सांभर सरोवरावर हेच झालं होतं, १८ हजारांवर पक्षी गेले, बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेनं बोट्युलिझम असल्याचं सांगितलं. तिथं कारण गटार नव्हतं, ते खाऱ्या पाण्याचं सरोवर, पण मेलेले पक्षी पडून राहिले की आग कशी पसरते ते तिथं दिसलं. ते चिखलात पसरलेले थवे फोटोत पाहिलेत, अजून डोळ्यासमोरून जात नाहीत.

भीमाकाठचा:
फ्लेमिंगोचं मी सांगतो, भिगवण म्हंजे उजनी धरणाचाच काठ, तिथं जाळं टाकण्यात जन्म गेलाय. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथनं आमच्या धरणात. त्या पाण्यावर शेवाळ पोसतं, आणि फ्लेमिंगो चोच उलटी करून गाळून खातो तेच बारीक शेवाळ आणि किडे. म्हंजे तो आला याचा अर्थ त्याला खायला मिळालं एवढाच, पाणी चांगलं असं नाही. ठाणे खाडीतबी हाच प्रकार सांगतात. आमच्या जाळ्यात आधी नाना जातीचे मासे यायचे, आता बघावं तिकडं चिलापी, कारण ती घाणीत तगती. ज्याला मासा लागतो त्या पक्ष्यानं काय करायचं? आणि उन्हाळ्यात पाणी हिरवं होऊन वास सुटला की आम्ही पाय घालत नाही, खाज सुटते, ते पक्षी तर दिवसभर त्यातच उभे.

पाणवठा_दौंड:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पशुधन अधिकारी येऊन नमुने घेऊन गेले, रिपोर्ट यायचाय. त्यांनी सांगितलं तसं कडेचे नऊ पक्षी उचलले, खोल खड्डा काढून चुना टाकून पुरले. खोक्यातलं बदक आज सकाळी मान धरून बसलं होतं, पाय अजून थरथरतात पण मी जवळ गेले तर फिस्कारलं, मला रडूच आलं. ग्रामपंचायतीत गटार दुसरीकडं वळवायचा अर्ज दिलाय, ग्रामसभेत मी स्वतः बोलणार आहे, तुमची अळ्यांची गोष्ट तशीच सांगते. पण मधल्या चिखलात चार-पाच पक्षी दिसतायत, तिथं माणूस कमरेपर्यंत रुततो, कोणी उतरायला तयार नाही. काय करता येईल?

भीमाकाठचा:
कोणी उतरू नका ताई, गाळ माणूस गिळतो. माझ्याकडं ट्रकची ट्यूब आहे, तिच्यावर पालथं पडून हातानं वल्हवत जाता येतं, आम्ही तसंच जाळं टाकतो. हातात घालायला लांब ग्लोव्ह्ज तेवढे तुम्ही आणून ठेवा. उद्या पहाटे ऊन चढायच्या आत येतो, तळं कुठल्या फाट्यावरनं आत आहे ते मेसेज करा.