जळगाव-धुळ्यात भिंतीवरची चित्रं बघत फिरायचं तर कुठून सुरू करू?

केळीचं_पान: राम राम मंडळी. मागच्या महिन्यात दिल्लीला बहिणीकडे गेलो होतो, ती म्हणे चल लोधी कॉलनी दाखवते, म्हटलं सरकारी क्वार्टरमध्ये काय बघायचं. पण काय सांगू, खन्ना मार्केट ते मेहरचंद मार्केट गल्ल्यागल्ल्यांत अख्ख्या भिंतीच रंगवलेल्या, 2015-16 पासून हे चालूय, आता 50 च्या वर चित्रं झालीत, आणि त्याच भिंतीखाली लोकांची स्कूटर लावलेली, भाजीची गाडी उभी, कुणाला काही विशेष नाही. तीन तास पायी फिरलो. आता ती दिवाळीत जळगावला येतेय, म्हणते तुझं गाव दाखव. आपल्याकडे असं काही आहे का भो, का नुसते स्वच्छतेचे नारे दाखवू?

टॉवर_चौकवाला: नारेच दाखव. शाळेचं कंपाउंड असो की पुलाचा खांब, कचरा कुंडीत टाका, झाडं लावा आणि मधे वारलीची माणसं नाचताहेत. वारलीशी वैर नाही पण ती डहाणू-पालघरकडची, आपल्या भिंतीवर आपली खानदेशची देवी कानबाई का निघत नाही कधी? डोक्यावर घेऊन निघालेल्या बाया, पुढे नाचणारी पोरं, केवढं मोठं चित्र होईल ते. तिला काव्यरत्नावली चौकात ने. नाव कवितेच्या मासिकाचं आहे, 1887 ला जळगावातून निघालेलं, हे निम्म्या जळगावला माहीत नसतं. 1907 चं कविसंमेलन पण इथलंच, धरणगावच्या त्र्यंबक ठोंबरेंना तिथंच बालकवी म्हटलं गेलं, वय जेमतेम 16-17. एवढा माल पडलाय आणि आपण कचराकुंडी काढतोय!

पांझराकाठ: धुळ्याला आण तिला. गल्ल्यांना नंबर आहेत, सरळ रेघ मारल्यासारख्या, इंग्रज आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या, चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. म्युरल वगैरे शोधू नको, जुन्या दुकानांच्या हाताने लिहिलेल्या पाट्या बघ. ळ चं वळण झोकात काढणारे पेंटर होते एकेक, आता सगळं फ्लेक्स.

ब्रश_आणि_बादली: वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून बोलतो. चित्र टिकत नाही याला पेंटर नाही, भिंत कारण असते. खालून ओल चढते, लोणा म्हणजे पांढरा क्षार धरतो, वर कितीही भारी रंग मारा, पोपडे निघणारच. एका ठिकाणी मी सांगितलं आधी खरवडू, प्राइमर मारू, भिंत वाळू द्या, तर साहेब म्हणे परवा पाहुणे येताहेत, डिस्टेंपरवरच काढा. काढलं. एक पावसाळा गेला आणि बहिणाबाईंचा अर्धा चेहरा खाली, लाज मला वाटते तिथून जाताना. तिकडे अजिंठ्याला बघा, माती, भाताचा तूस, गवत यांचा गिलावा, वरून चुना, तो वाळल्यावर रंग, दीड हजार वर्षं झाली. आधी भिंत, मग चित्र. (अर्थात तिथं पाऊस थेट लागत नाही, तेही आहे.)

केळीचं_पान: @ब्रश_आणि_बादली दादा, ती बहिणाबाईंची भिंत कुठं आहे?

ब्रश_आणि_बादली: मेसेज करतो. सकाळी लवकर जा, नंतर समोर चहाची गाडी लागते, काही दिसत नाही.

टॉवर_चौकवाला: चहा पण तिथलाच घ्या मग.