मदत हवी आहे: पेपर उघडत नाही, पैसे मागतो (अर्जंट)

कादवाकाठ
दोन दिवस याच्यावरच बसले आहे. कांद्याच्या भावावरचा एक रिसर्च पेपर हवाय, त्याच्याशिवाय डिझर्टेशनचं दुसरं प्रकरण पुढे सरकत नाही. साइटवर लॉगिन होतं, वर कोपऱ्यात माझं नावही दिसतं, पण पीडीएफवर क्लिक केलं की ३६ डॉलर भरा म्हणतं. मैत्रिणीला हाच पेपर फुकटात उघडला. ब्राउजर बदलून झाला, मोबाइलवर बघून झालं. सोमवारी मॅडमना प्रकरण दाखवायचंय. लवकर सांगा प्लीज.

सातपूरचा
कोणती साइट? घरून बघतेयस की कॉलेजातून?

पंचवटी_कारंजा
झोटेरो, म्हणजे संदर्भसूची करून देणारं सॉफ्टवेअर, टाकलंय का? नसेल तर आजच टाक. मी ऐनवेळी हाताने संदर्भसूची केली आणि चार रात्री गेल्या. काही अडलं तर विचार.

कादवाकाठ
घरून, निफाडहून. झोटेरोचं नंतर बघते दादा, आधी पेपर तर मिळू दे.

कपाट_क्रमांक_७
मी कॉलेज ग्रंथालयात काम करते. तीन गोष्टी सांग. लॉगिन कॉलेजने दिलेल्या आयडीने केलंस की स्वतःच्या मेलने? मैत्रीण कुठे बसली होती? कॉलेज अनुदानित आहे का?

कादवाकाठ
माझ्या जीमेलने, साइटवरच खातं उघडलं. मैत्रीण पुण्याला विद्यापीठात आहे, तिथल्याच वाय-फायवर होती. कॉलेज नाशिकचंच, अनुदानित, नाव इथे नको. पण याने काय फरक पडतो? आमचं कॉलेज त्याच विद्यापीठाचं आहे ना.

कपाट_क्रमांक_७
तिथेच तर अडलंय. जीमेलवरून उघडलेलं खातं म्हणजे प्रकाशकाकडची गिऱ्हाईक म्हणून नोंद. त्याने नाव दिसतं, वाचायला मिळत नाही. मैत्रीण विद्यापीठाच्या नेटवर्कवर होती. तिथला आयपी पत्ता (नेटवर्कचा ओळख क्रमांक) प्रकाशकाकडे नोंदलेला असतो, म्हणून तिला लॉगिनसुद्धा करावं लागलं नसेल. विद्यापीठाला जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे: ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पण कॉलेज संलग्न आहे म्हणून ते आपोआप मिळत नाही. तुमच्यासारख्या कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेचं एन-लिस्ट असतं, म्हणजे ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकं वाचायची सोय. त्यात प्रत्येकाचा वेगळा आयडी, आणि तो ग्रंथपालांनीच काढून द्यायचा असतो. उद्या शनिवार आहे, सकाळीच आयकार्ड घेऊन जा. मेल आयडी स्पष्ट अक्षरात लिहून दे. आमच्याकडे दरवर्षी एका अक्षराच्या चुकीने कितीतरी मुलांचे मेल भलतीकडे जातात.

गंगापूर_रोड
एवढं कशाला? डीओआय (पेपरचा ओळख क्रमांक) कॉपी कर, साय-हबवर टाक, विषय संपला.

कपाट_क्रमांक_७
मी हे कुणालाही सुचवणार नाही. ती साइट प्रकाशकांच्या परवानगीशिवाय पेपर फुकट देते, म्हणून तिच्यावर प्रकाशकांनी २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला.

गंगापूर_रोड
मॅडम, निफाडच्या मुलीने एका पेपरला तीन हजार रुपये भरायचे? लोकांच्या कराच्या पैशातून संशोधन होतं, आणि लोकांनाच ते वाचता येत नाही. याचा मला खरंच संताप येतो.

कपाट_क्रमांक_७
संताप मलाही येतो. केंद्राने त्या योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी दिलेत, तरी अशी मुलं बाहेर राहतात. पण सरळ मार्गाने मिळत असताना तिला आडवाटेला का लावायचं?

जुने_नाशिक
नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात, जाऊन बसावं असं माझं स्पष्ट मत आहे. १८४० सालची संस्था आहे. मी नोकरीला लागेपर्यंत तिथेच वाढलो. आणि नाशिक जिल्ह्याचं १८८३चं गॅझेटियर, सोळावा खंड, अवश्य वाचावं. इंटरनेट आर्काइव्हवर आहे. शेती, बाजार, व्यापार सगळं सापडेल.

सातपूरचा
काका, तिला पाच-सात वर्षांपूर्वीचा पेपर हवाय. बाकी सावानाबद्दल शंभर टक्के सहमत. हल्लीच्या अभ्यासिकांत नुसती खुर्ची आणि चार्जिंगचा पॉइंट मिळतो, पुस्तक एक नसतं.

जुने_नाशिक
पहिल्या प्रकरणाला पार्श्वभूमी लागतेच ना. म्हणून सुचवलं.

राहुरी_रिटर्न
कांदा म्हणजे कृषी विद्यापीठांचे प्रबंध बघायलाच हवेत, ते कृषिकोशवर मिळतात. बाकी विद्यापीठांचे शोधगंगेवर. तिथे एकेक प्रकरण वेगळ्या पीडीएफमध्ये असतं. पहिलं प्रकरण उघडत बसू नकोस, शेवटची संदर्भसूचीची फाइल आधी उघड. दुसऱ्या कुणी दोन वर्षं घालवून गोळा केलेली यादी आयती हाती येते. भावांचे आकडे हवे असतील तर अ‍ॅगमार्कनेटवर लासलगावची आवक आणि भाव तारखेनुसार आहेत.

कपाट_क्रमांक_७
कादवाकाठ, एन-लिस्टमध्ये नेमका हाच पेपर असेलच असं नाही. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' मात्र आहे, कांद्यावर त्यात बरंच मिळेल. या पेपरसाठी गूगल स्कॉलरमध्ये पूर्ण शीर्षक दुहेरी अवतरणात टाक आणि निकालाखाली 'ऑल व्हर्जन्स' लिहिलंय त्यावर क्लिक कर. अर्थशास्त्रातले लेखक पुष्कळदा छापण्याआधीचा मसुदा आपल्या संस्थेच्या साइटवर ठेवतात. तेही नसेल तर लेखकाला चार ओळींचा मेल टाक, बरेच जण प्रत पाठवतात.

कादवाकाठ
(शनिवार, संध्याकाळ) आयडी मिळाला! मेल स्पॅममध्ये पडला होता. ग्रंथपाल सर म्हणाले, यंदा आयडी मागायला आलेली तू तिसरीच. त्या यादीत माझं नियतकालिक नाही. पण 'ऑल व्हर्जन्स'मध्ये चौथ्या लिंकवर मसुदा सापडला, ४१ पानं, रात्री वाचून काढते. एकच प्रश्न, यात पान क्रमांक एकपासून सुरू होतात आणि छापील पेपरचे वेगळे आहेत. संदर्भात कोणते देऊ?

कपाट_क्रमांक_७
जी प्रत वाचलीस तिचेच दे, आणि ती मसुदा आहे असं लिही. पुण्याच्या मैत्रिणीला छापील पेपरमधली कोष्टकं तेवढी ताडून बघायला सांग. छापताना आकडे बदललेले असू शकतात.

पंचवटी_कारंजा
झोटेरोमध्ये मसुद्यासाठी वेगळा प्रकार निवडता येतो बघ.

कादवाकाठ
टाकते आज. कपाट मॅडम, खूप खूप आभार.

ओझर_मिग
याच धाग्यात विचारतो. मी मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी, अभ्यासकेंद्र एका कॉलेजात आहे. मला आयडी कोण देणार? तेही अर्जंट आहे.

कपाट_क्रमांक_७
कोणता अभ्यासक्रम? आणि केंद्रावर विचारलंत का, काय म्हणाले?