वाचनालयाची यादी जुन्या फॉन्टात अडकलीय, सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?

पेठेतला वाचक
नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापुरात शुक्रवार पेठेत छोटं सार्वजनिक वाचनालय हाय, क वर्ग, अनुदान आणि वर्गणीवर चालतंय. एका देणगीदारानं दोन कॉम्प्युटर दिलेत, आता कार्यकारिणी म्हणतीय सगळं कॉम्प्युटरवर आणा. एका कंपनीनं सॉफ्टवेअर दाखवलं पण दरवर्षी फी, आणि उद्या सोडायचं झालं तर आमचा डेटा काढून देणार का विचारलं तर उत्तरच नाही. दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन केलेली नोंद) हातानं लिहिलेलं, त्यातलं निम्मं कुणीतरी एक्सेलमध्ये टाइप केलंय पण जुन्या फॉन्टात, दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसती एबीसीडी. ग्रंथपाल मॅडम एकट्या, संध्याकाळी देवघेवीला ही गर्दी. सुरुवात कुठनं करायची?

करवीरकर
सॉफ्टवेअर ऱ्हाऊ दे, आधी यादी युनिकोडमध्ये आणा, म्हणजे कुठल्याबी मशीनवर मराठी मराठीच दिसतंय. जुन्या फॉन्टात अक्षर मराठी दिसतंय पण आत कोड इंग्रजी अक्षराचाच असतोय, म्हणून सर्च केलं की काय सापडत नाही. सेलवर क्लिक केलं की वर फॉन्टचं नाव येतंय, बरोबर त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर घ्या, दुसऱ्याचा घेतला की सगळा काला होतोय. आणि नंतर रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासाच. 'दुसऱ्या'तला र दोन तऱ्हांनी टाइप होतोय, दिसायला सेम, मशीनला मात्र ते दोन वेगळे शब्द, त्यामुळं निम्मी पुस्तकं सर्चमध्ये येतच नाहीत. एक तऱ्हा ठरवा आणि रिप्लेस ऑल मारा. लेखकाचं पण तसंच, आडनाव आधी म्हणजे सगळीकडं आधी.

ग्रंथसखी
वरच्यांशी सहमत. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर कोहा बघा, न्यूझीलंडच्या ग्रंथालयासाठी बनलं आणि २००० सालापासून सगळ्यांना फुकट, सोर्स कोडसकट. डेटा तुमचाच राहतो, कधीही बाहेर काढा. पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे हो, ते लिनक्सवर चालतं, सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो आणि ते एकट्या मॅडमच्या गळ्यात घालू नका प्लीज. शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे, तिथं जाऊन बोला, मुलांना प्रत्यक्ष काम शिकायला मिळेल आणि तुमचंही होईल. तोवर स्वच्छ एक्सेल पुरतं.

पंचगंगाकाठ
शुक्रवार पेठ म्हणालासा म्हणून सांगतोय, २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. कॉम्प्युटर तळमजल्यावर ठेवू नका, यादीची एक कॉपी गूगल ड्राइव्हवर आणि एक पेनड्राइव्हवर, तो पेनड्राइव्ह वाचनालयात नको, लांब ऱ्हाणाऱ्या एखाद्या सभासदाच्या घरी द्या. दाखल रजिस्टरच्या पानांचे फोटो तर आजच काढा, मोबाइल हायच की.

पेठेतला वाचक
लई आभार सगळ्यांचे. फोटो उद्यापासनं काढतोय. ऱ्हायलेलं निम्मं रजिस्टर टाइप करायचं तर पहिल्या पानापासनंच का?

ग्रंथसखी
नको. जे पुस्तक परत येईल त्याची नोंद तिथंच काउंटरवर करा, दाखल क्रमांकासकट. लोक जे वाचतात ते आधी यादीत येतं, कपाटातलं उरलेलं मे महिन्यात कॉलेजच्या मुलांना घेऊन उरका.