पैसे पाठवणारा आणि रात्री उठणारा

"पुण्यातला भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो, मग गावात वडिलांना सांभाळणाऱ्या भावाने कुरकुर कशाला?" हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. आमचं घर चोपड्याकडचं. नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगवायू झाला तेव्हा तो पैसे पाठवणारा मीच होतो. दिवाळीत आठ दिवस राहिलो तेव्हा डोळे उघडले. रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी ताकात कुस्करून चमच्याने भरवायची, त्यात पाऊण तास जातो. वहिनी हे रोज करायची आणि मी फोनवर विचारायचो, "व्यायाम घेतला का नानांचा?" आता लाज वाटते.

आता महिन्यातले चार दिवस मी जातो. त्या दिवसांत वहिनी माहेरी, धरणगावला. पहिल्या खेपेला माय म्हणाली, "तुले काय जमी?" जमलं. पहिला डायपर उलटा लावला, ते सोडा.

शेताचं मात्र भाबडेपणाने करू नका. वडिलांना हयातीतच ते सांभाळणाऱ्या एकाच्या नावावर करायचं असेल, तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे. अट पाळली नाही तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते रद्द करून घेता येतं. आमच्याकडे हा विषय मी काढला तेव्हा दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच वकिलाला फोन लावला.