परदेशातील लहान कंपनीने चिनी ग्राहकांना ऑनलाइन विक्री कशी सुरू करावी?

यारातीर (मेलबर्न)

नमस्कार. मेलबर्नजवळच्या एका लहान कंपनीत मी हिशेब आणि निर्यातीचे काम पाहतो. शेळीच्या दुधाचा साबण, हातापायांचे मलम आणि चेहऱ्याचे क्रीम अशी आमची मोजकी उत्पादने आहेत. औषधांच्या दुकानांतून चिनी विद्यार्थी आमचे क्रीम खोक्यांनी विकत घेतात आणि मायदेशी पाठवतात, असे दुकानदार अनेक वर्षे सांगत असत. या हौशी-व्यावसायिक खरेदीदारांना तिकडे दायगोऊ म्हणतात. जानेवारी २०१९ मध्ये चीनचा ई-वाणिज्य कायदा लागू झाल्यावर अशा विक्रेत्यांना नोंदणी आणि कर बंधनकारक झाला. पुढे महामारीत विद्यार्थी आणि पर्यटक दोन्ही आटले, आणि आमची ही आडवाटेची विक्री जवळजवळ थांबली. आता थेट चिनी ग्राहकापर्यंत पोहोचावे, असे मालकीणबाईंच्या मनात आहे.

माझ्या शंका अशा आहेत. त्यासाठी चीनमध्ये कंपनी नोंदवावी लागते का? आमच्याच संकेतस्थळाचे चिनी भाषांतर करून भागणार नाही का? आमच्या मालाची चाचणी प्राण्यांवर होत नाही, असे आम्ही वेष्टनावर छापतो. चीनमध्ये शिरताना ते सोडून द्यावे लागेल का? आणि शेवटचे म्हणजे, एका मध्यस्थाने दुकान, जाहिरात, गोदाम असे सगळे करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे, ज्यात आमच्या नावाचा ट्रेडमार्क तो सोयीसाठी स्वतःच्या कंपनीच्या नावे नोंदवणार आहे. हे योग्य आहे का?

हुआंगपूकर (शांघाय)

सर्वांत तातडीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथून करतो. ट्रेडमार्क मध्यस्थाच्या नावे कदापि नोंदवू देऊ नका. चीनमध्ये नाव आधी कोण वापरत होते यापेक्षा अर्ज आधी कोणी केला याला कायद्यात फार मोठे महत्त्व आहे, आणि एकदा दुसऱ्याच्या नावे नोंदणी झाली की स्वतःचाच माल स्वतःच्या नावाने विकण्यासाठी तुम्हाला त्याच्या दारात उभे राहावे लागते. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन यांना आपल्या आडनावाच्या चिनी लिपीतील रूपासाठी एका चिनी क्रीडासाहित्य कंपनीशी अनेक वर्षे झगडावे लागले. डिसेंबर २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने काही नोंदण्यांपुरता त्यांच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या कंपनीला एवढी लढाई परवडणार नाही, अर्जाचे शुल्क मात्र सहज परवडेल. साबण आणि प्रसाधने तिसऱ्या वर्गात येतात, परंतु चीनमध्ये वर्गांचेही उपवर्ग पाडलेले असल्यामुळे आपली सर्व उत्पादने कोणत्या उपवर्गांत बसतात हे तेथील वकिलाकडून तपासून घ्यावे. रोमन लिपीतील नावाबरोबर चिनी लिपीतील नावही ठरवून त्याचाही अर्ज करावा, कारण ते तुम्ही ठरवले नाही तर ग्राहक ठरवतात, आणि ग्राहकांनी रूढ केलेले नाव तिसराच कोणी नोंदवून मोकळा होतो. परीक्षणाची कायदेशीर मुदत नऊ महिन्यांची, त्यावर हरकतींसाठी तीन महिने. म्हणजे वर्ष धरून चाला, आणि दुकानाचा विचार पक्का व्हायची वाट न पाहता अर्ज आजच करा.

आता कंपनी नोंदवण्याविषयी. चिनी बाजारात माल नेण्याचे दोन राजमार्ग आहेत. पहिला नेहमीच्या आयातीचा. त्यात माल चिनी आयातदाराच्या नावे येतो, प्रसाधनांची औषध प्रशासनाकडे नोंदणी होते, वेष्टनावर चिनी लेबल लागते आणि मग तो देशातील कोणत्याही दुकानात विकता येतो. दुसरा सीमापार ई-वाणिज्याचा. त्यात ग्राहक स्वतःच्या वापरासाठी परदेशी विक्रेत्याकडून वस्तू मागवतो, असे सरकार मानते. म्हणून एखादा माल देशात पहिल्यांदाच आणताना लागणाऱ्या परवान्याची किंवा नोंदणीची अट लागू होत नाही, आणि विक्रेती कंपनी परदेशातीलच असावी लागते. चीनमध्ये शाखा लागत नाही. मात्र तिथे नोंदवलेल्या एखाद्या संस्थेला जबाबदार प्रतिनिधी म्हणून लेखी नेमावे लागते, आणि मालात दोष निघाला तर अधिकारी तिलाच धरतात. माल सरकारने प्रसिद्ध केलेल्या अनुमत वस्तूंच्या यादीत असला पाहिजे, तेव्हा प्रत्येक उत्पादनाचा सीमाशुल्क क्रमांक त्या यादीशी ताडून पाहावा. टीमॉल या मोठ्या ऑनलाइन विक्री-मंचावरील देशांतर्गत दुकानासाठी चिनी कंपनी लागते, तर २०१४ मध्ये सुरू झालेल्या टीमॉल ग्लोबलसाठी परदेशी कंपनी चालते. नावे सारखी असल्याने अनेकांचा इथेच घोटाळा होतो.

संकेतस्थळाच्या भाषांतरावर मी फारसा खर्च करणार नाही. मुख्य भूमीतील सर्व्हरवर संकेतस्थळ ठेवायचे तर सरकारी नोंदणी लागते आणि त्यासाठी चिनी संस्था लागते. बाहेरून चालवले तर पान रखडते, आणि त्यावरील यूट्यूबच्या चित्रफिती किंवा गूगलचे नकाशे तिथे उघडतच नाहीत. त्याहून मोठी अडचण सवयीची आहे. येथील ग्राहक अनोळखी संकेतस्थळावर पैसे भरत नाही. तो टीमॉल, जेडी, दोउयिन किंवा पिनदुओदुओ अशा मंचांवर, अलीपे अथवा वीचॅटच्या मोबाइलमधील पाकिटातून पैसे भरतो. ॲमेझॉनसारख्या कंपनीने २००४ मध्ये जोयो ही चिनी कंपनी विकत घेऊन येथे प्रवेश केला आणि जुलै २०१९ मध्ये देशांतर्गत विक्रेत्यांसाठीची आपली बाजारपेठ बंद केली, एवढे सांगितले तरी पुरे.

यारातीर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मध्यस्थाला आजच नकार कळवतो. सीमापार मार्गात माल प्रत्यक्षात कसा जातो आणि कर कोण भरतो, हे कोणी समजावून सांगेल का? मालकीणबाईंना आकडे दाखवल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही.

तेरीज (सिंगापूर)

मी एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

माल दोन पद्धतींनी जातो. थेट टपालाने पाठवला तर ऑर्डर आल्यावर पाकीट मेलबर्नहून निघते, आणि ग्राहकाला आठवडा किंवा अधिक वाट पाहावी लागते. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही माल आधीच निंगबो, हांगचौ किंवा ग्वांगचौ अशा ठिकाणच्या बाँडेड गोदामात, म्हणजे कर न भरता ठेवता. ग्राहकाने खरेदी केली की ऑर्डर, पैसे भरल्याची नोंद आणि वाहतुकीची पावती असे तिन्ही दाखले वेगवेगळ्या कंपन्यांकडून सीमाशुल्क खात्याच्या यंत्रणेत जातात आणि एकमेकांशी ताडून पाहिले जातात. ग्राहकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांकही जुळावा लागतो. नवऱ्याच्या खात्यातून पैसे भरून बायकोच्या नावे ऑर्डर दिली तर ती इथे अडकू शकते, आणि मग तुमच्या चिनी बोलणाऱ्या मदतनिसाला ग्राहकाशी गोड बोलून ती दुरुस्त करून घ्यावी लागते. सगळे जुळले की पाकिटावर चिठ्ठी लागते, माल सुटतो आणि साधारण दोन-तीन दिवसांत घरी पोहोचतो.

१ जानेवारी २०१९ पासून एका व्यवहाराची मर्यादा ५,००० युआन आणि एका व्यक्तीची वार्षिक मर्यादा २६,००० युआन आहे. त्याआधी त्या अनुक्रमे २,००० आणि २०,००० होत्या. या मर्यादेत आयातशुल्क शून्य असते, आणि मूल्यवर्धित कर व उपभोग कर नेहमीच्या ७० टक्के लागतात. मूल्यवर्धित कर १३ टक्के, म्हणजे तुम्हाला ९.१ टक्के. ३०० युआनच्या क्रीमवर २७ युआन ३० फेन. कायद्याने हा कर ग्राहकाचा आहे, पण मंचावर बहुतेक दुकाने करासह किंमत लावतात, त्यामुळे तो तुमच्याच नफ्यातून गेला असे समजून हिशेब मांडा.

इथे एक खाचखळगा आहे. त्वचेचे प्रसाधन ग्रॅममागे १० युआन किंवा त्याहून महाग असेल तर ते उच्च श्रेणीचे ठरते आणि उपभोग करही लागतो. दोन्ही मिळून भार सुमारे २३ टक्क्यांवर जातो. तुमची डबी ५० ग्रॅमची असेल तर करपात्र किंमत ४९० युआन असताना ९.१ टक्के, आणि ५०० झाली की २३ टक्के. करपात्र किमतीत वाहतूक आणि विमाही धरतात, हे विसरू नका. किंमत ठरवण्याआधी डबीचे वजन पाहा, असे मी आमच्या प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

आता दुकानाचा खर्च. टीमॉल ग्लोबलवर स्वतःच्या नावाचे दुकान काढायचे तर ठेव, वार्षिक शुल्क आणि विक्रीवरील दलाली असा तिहेरी भार असतो. ठेवीची २५,००० अमेरिकी डॉलर ही रक्कम तिथे दीर्घकाळ प्रचलित होती. चालू दर मंचाच्या अधिकृत पानावरच पाहावेत, मध्यस्थाच्या पत्रकात नव्हे. त्याशिवाय दुकान चालवणारी स्थानिक सेवाकंपनी मासिक मानधन आणि विक्रीतील वाटा घेते, आणि जाहिरातीचा खर्च या सर्वांहून अधिक होतो. तीन-चार उत्पादनांच्या कंपनीने पहिल्याच वर्षी हे करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. त्यापेक्षा तुमचा माल विकत घेऊन स्वतःच्या दुकानात ठेवणारे अनेक ब्रँडांचे दुकान शोधा, किंवा मंचाच्या परदेशातील गोदामात थोडा माल विक्रीसाठी ठेवून पाहा. नफा कमी मिळेल, पण कोणते उत्पादन चालते हे कळेल.

बाँडेड गोदामात पडून राहिलेला माल हा लहान कंपन्यांचा खरा तोटा असतो. तो कर भरून बाजारात ओतता येत नाही, कारण त्याची नोंदणीच झालेली नसते. तो परत न्यावा लागतो किंवा नष्ट करावा लागतो. क्रीमची मुदत तीन वर्षांची असली तरी मुदतीचे एक वर्ष उरले की चिनी ग्राहक नाक मुरडतो. तेव्हा ११ नोव्हेंबरच्या मोठ्या वार्षिक सवलत-विक्रीसाठी म्हणून कंटेनर भरून पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सल्ला देणाऱ्याने किती माल स्वतः विकत घेतला, हे आधी विचारा.

कोपरा (हाँगकाँग)

वरील दोघांनी मालाचे सांगितले, मागणीचे कोणीच सांगितले नाही. मंचावर दुकान उघडले म्हणून ग्राहक येत नाहीत. नवे क्रीम घेण्याआधी शांघाय किंवा चेंगडूतील तरुणी प्रथम शाओहोंगशूवर शोध घेते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या ॲपवर लोक छायाचित्रांसह वापराचे अनुभव लिहितात. तुमचे नाव टाकल्यावर तिथे काहीच दिसले नाही तर ती पुढे निघून जाते. तुमच्या बाबतीत दायगोऊंनी लिहिलेल्या जुन्या नोंदी असण्याची बरीच शक्यता आहे. एखाद्या चिनी वाचणाऱ्या सहकाऱ्याला बसवून त्या सगळ्या वाचून घ्या. लोक क्रीम कशासाठी वापरतात, लहान मुलांच्या कोरड्या गालांसाठी की थंडीत भेगाळलेल्या टाचांसाठी, त्याला काय म्हणतात आणि काय तक्रार करतात, हे तिथे फुकट मिळेल. चिनी लिपीतील नाव ठरवण्यापूर्वीही हे वाचन झालेच पाहिजे, कारण ग्राहकांनी आधीच एखादे चांगले नाव दिलेले असू शकते.

थेट प्रक्षेपणातून विक्री करणाऱ्या नामांकित मंडळींच्या मागे लागू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कार्यक्रमात माल दाखवण्याचे शुल्क घेतात, विक्रीत मोठा वाटा घेतात, आणि वर किंमत सर्वांत कमी हवी असा आग्रह धरतात. त्या रात्रीच्या किमतीला ज्यांनी माल घेतला ते पुन्हा पूर्ण किमतीला घेत नाहीत. शिवाय सारी भिस्त एका चेहऱ्यावर ठेवणे धोक्याचे असते. डिसेंबर २०२१ मध्ये वेइया या तेव्हाच्या आघाडीच्या विक्रेतीला करचुकवेगिरीबद्दल कर आणि दंड मिळून १३४ कोटी युआन भरण्याचा आदेश झाला, आणि तिची खाती सर्व मंचांवरून एकाच दिवसात नाहीशी झाली.

जाहिरातीचा मजकूर इंग्रजीवरून शब्दशः उतरवू नका. तेथील जाहिरात कायद्यात ‘सर्वोत्तम’, ‘सर्वोच्च’ अशा निरपेक्ष विशेषणांना मनाई आहे आणि दंड २ लाख युआनपासून सुरू होतो. प्रसाधनाने इसब बरा होतो असे लिहिले तर तो औषधाचा दावा ठरतो. तुमच्या ऑस्ट्रेलियन वेष्टनावर असे काही छापलेले असेल तर दुकानाच्या पानावर त्या बाजूचे छायाचित्रही टाकू नका.

भोसरीकर (पिंपरी-चिंचवड)

विषय ऑस्ट्रेलियाचा आहे, तरी विचारतो. हेच भारतातून करता येईल का?

हुआंगपूकर

सीमापार मार्गाचे नियम विक्रेत्याच्या देशावरून बदलत नाहीत, आणि भारत २०१३ पासून माद्रिद करारात, म्हणजे एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत, असल्यामुळे ट्रेडमार्कचा अर्जही भारतातूनच चीनसाठी करता येतो. अडचण दैनंदिन कामाची येईल. येथील सेवाकंपन्या, गोदामे आणि ग्राहक या सर्वांचे बोलणे वीचॅट या संदेशांच्या ॲपवर चालते, आणि २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये ते होते. बहुतेक भारतीय निर्यातदार सिंगापूर किंवा हाँगकाँगमधील सहकाऱ्यामार्फत हा संवाद ठेवतात, आणि तो खर्च प्रथमपासून धरावा लागतो.

यारातीर, तुमच्या प्राण्यांवरील चाचणीच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. सीमापार मार्गात प्रसाधनाची नोंदणीच होत नसल्यामुळे ती चाचणी मागितली जात नाही, तेव्हा वेष्टनावरील मजकूर तसाच ठेवता येईल. नेहमीच्या आयातीतही १ मे २०२१ पासून सामान्य प्रसाधनांना सूट मिळू शकते. त्यासाठी उत्पादकाच्या देशातील सरकारी यंत्रणेने दिलेले उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र आणि सुरक्षिततेचा अहवाल द्यावा लागतो. लहान मुलांसाठीचे प्रसाधन किंवा नवा घटक असलेले उत्पादन मात्र या सवलतीत बसत नाही. कोपरा यांनी सांगितलेल्या नोंदींत तुमचे क्रीम मुलांच्या गालांना लावले जाते असे आढळले, तरी पानावर तसे लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

यारातीर

समजले. आमच्या मलमाच्या डबीवर बाळाच्या हाताचे चित्र आहे. ते प्रथम वकिलाला दाखवतो, आणि तोवर ट्रेडमार्कच्या अर्जाखेरीज दुसरे काही पुढे नेत नाही.