पटल नुसतं आडोसा नाही
पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं आवरण, फक्त आतला माल धरून ठेवतं, बाकी सगळं केंद्रक बघतं, असं कुणीतरी लिहिलंय. पटलावर जरा अन्यायच झाला हा! मेदाचं ते दुपदरी आवरण जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाड, पण त्यात रुतलेला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) एक रेणू खर्चून 3 सोडियम आयन बाहेर टाकतो नि 2 पोटॅशियम आत घेतो. तो थांबला की सोडियम आत साचतं, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगते. चेतापेशींची तर बरीचशी ऊर्जा यातच जाते. ऑक्सिजनला मात्र पंप लागत नाही, तो आपसूक झिरपतो.

आणि केंद्रकाचं म्हणाल तर माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत ते नसतंच, एटीपी बनवणाऱ्या तंतुकणिकाही (मायटोकाँड्रिया) नसतात. तरी ती ग्लुकोजच्या विघटनातून एटीपी मिळवून हाच पंप सुमारे 120 दिवस चालवते.